तिवराच्या पानातली गोल पेशी

डोंबिवलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर होते. ठाण्याच्या खाडीतल्या तिवरांवर ते पुस्तक लिहीत होते आणि त्यातली चित्रं काढायचं काम माझ्याकडे होतं. सर ओल्या रुमालात पान गुंडाळून आणायचे आणि कापण्याआधी त्याला हळूच म्हणायचे, "जरा त्रास देतो हं."

मी तेव्हा पंचविशीची. खांद्याला झोळी, कपाळाला भलंमोठं कुंकू आणि आपण थोर कलावंत असल्याची खात्री. नाती हसतील म्हणून तेव्हाचे फोटो मी लपवून ठेवलेत. सूक्ष्मदर्शकाला आरसा जोडला की पानाचा काप कागदावर उमटलेला दिसायचा. तो गिरवायचा, एवढंच माझं काम. एकदा त्यात मला ठसठशीत काळ्या कडेची गोल पेशी दिसली. तिच्यावर मी चार दिवस ठिपके भरले.

सरांनी चित्र पाहिलं, मग सूक्ष्मदर्शकात पाहिलं.

"चित्रकारबाई, ही पेशी नाही. काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा आहे."

हातचं काम गेलंच, असं वाटून माझे डोळे भरून आले.

"अहो, रडता काय? काच मीच घाईने ठेवली. बुडबुडा माझा."

त्यांनी नवा काप घेतला. सुईच्या टोकावर टेकवून, श्वास रोखून, काच इतकी हळू खाली आणली की मी रडायचं विसरले. मग त्यांनी मला स्वतःचं स्टूल दिलं.

"दिसेल ते सांगा. मी लिहून घेतो."

आणि बुडबुड्यावर भाळलेल्या त्या पोरीशेजारी ते वही उघडून उभे राहिले.