दोघांत मिळून बॅटरी

आमचे हे सुतार. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. घरी कसले, माझ्या डोक्यावर बसले! एकाही खुर्चीला सुखाने उभं राहू दिलं नाही. तोंडाने म्हणायचे, "आता काय, सोमवारपासून कामाला लागतो." पण हात डोक्याच्या वर नेऊन काम जमेल का, या धास्तीने माणूस आतून खचत चालला होता. मला दिसत नव्हतं होय?

मी लोकांकडे बागकाम करते. दोघांनाही वायरीशिवाय चालणारी यंत्रं हवी होती, म्हणून दुकानात गेलो. यांनी नेमकं सगळ्यात दांडगं ड्रिल उचललं.

"जरा वर धरून बघा," मी म्हटलं. "कपाट काय जमिनीवर ठोकणार आहात?"

त्यांनी हात वर केला. तो थरथरायला लागला, तसे हे ड्रिलवरचं लेबल वाचायला लागले. चष्मा नसताना!

दुकानदाराने छोट्या बॅटरीचं हलकं ड्रिल पुढे केलं.

"याने काय केस वाळवू?" हे फणकारले.

मी वाद घातला नाही. मेंदीचं कुंपण छाटायचं यंत्र उचललं, त्याला जाडजूड बॅटरी लावायला लावली आणि ओरडले, "अगंबाई, मनगट गेलं माझं! मला छोटीच हवी. आणि दोघांच्या यंत्रांना एकच बॅटरी बसली पाहिजे. घरात दोन-दोन चार्जर मी ठेवू देणार नाही."

"बायकोपुढे कुणाचं चाललंय?" हे दुकानदाराला म्हणाले आणि हलकं ड्रिल घेतलं. बरोबर दोन छोट्या बॅटऱ्या. स्वारी खुशीत होती.

हे पुन्हा कामाला जायला लागले. आता छोटी बॅटरी लवकर उतरणारच. परवा माझं निम्मं कुंपण छाटून झालं आणि यंत्र गप्प. त्या दिवशी दोन्ही माझ्याकडे ठेवायचं ठरलं होतं, पण दुसरी बॅटरी बघते तर पिशवीत नाही! यांनीच पळवलेली. आज यांना सोडायचं नाही म्हणत मी तणतणत त्यांच्या कामावर गेले. दोनच गल्ल्या पलीकडे होतं.

तिथल्या स्वयंपाकघरात हे स्टुलावर उभे. ऑपरेशनचा हात पार वर नेऊन छताजवळच्या कपाटाचे स्क्रू बसवत होते. हात जरासुद्धा हलत नव्हता.

"भांडायला आलीस?" त्यांनी वरूनच विचारलं.

"छे! सहज आले," मी म्हटलं. डोळे भरून आले होते, म्हणून लगेच मागे फिरले.

उरलेलं कुंपण मी मोठ्या कात्रीने कापलं. हाताला फोड आले, पण इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.