पेन्सिलीनं काढलेलं आउटपुट

मला अजूनही त्या जर्नलचा राग येतो. वीस वर्षं उलटून गेली, नोकऱ्या बदलल्या, ज्या भाषेत आम्ही प्रोग्रॅम लिहायचो ती भाषाही आता कुणी फारशी वापरत नाही. राग मात्र जागचा हललेला नाही, आणि तो हलावा म्हणून मी काही कष्टही घेतलेले नाहीत.

जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. कोल्हापुरात कॉम्प्युटरची पदवी घेत होते तेव्हा ती आमच्या गळ्यात असायची. जाड पुठ्ठ्याची, एक पान रेघांचं आणि एक कोरं. रेघांच्या पानावर प्रोग्रॅम हातानं लिहायचा, आणि समोरच्या कोऱ्या पानावर तो चालवल्यावर पडद्यावर जे दिसलं ते काढायचं. पट्टी लावून, पेन्सिलीनं. चौकट, चौकटीच्या कोपऱ्यात फुली, खाली बटण, बटणावर 'सेव्ह'. ह्याला आउटपुट म्हणायचे. शेजारच्या इमारतीत बायॉलॉजीच्या मुली बेडूक काढायच्या, आम्ही खिडक्या काढायचो. फरक एवढाच, की त्यांनी बेडूक निदान पाहिलेला असायचा.

आमच्या लॅबमध्ये वीस मशीन होती, त्यांतली आठ-नऊ चालायची. एकेका मशीनवर तिघं-तिघं. वेळ दीड तास, त्यात लाइट जायची ती वेगळीच. प्रिंटर होता, पण तो विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये कव्हर घालून बसलेला असे, आणि त्याला कागद खाताना मी तीन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. त्यामुळं पद्धत अशी पडली होती, की मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नलं मागून आणायची आणि उतरवायची. त्यांनी त्यांच्या मागच्यांची उतरवलेली असत. प्रोग्रॅम, आउटपुट, अगदी खिडकीतली नावंसुद्धा. वर्षानुवर्षं एकाच मुलाचं नाव, त्याचा रोल नंबर आणि त्याचं गाव आमच्या सगळ्यांच्या वह्यांत पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. तो कोण, कुठल्या सालचा, कुणालाच माहीत नव्हतं.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्याच मलकापूरहून रोज एसटीनं यायचे. घरी कॉम्प्युटर नव्हता, आमच्या गल्लीत कुणाकडेच नव्हता. म्हणजे मला एखादी गोष्ट करून बघायची तर आठवड्यातून दोनदा, दीड तास, तोही तिघींत वाटून, आणि संध्याकाळच्या गाडीकडे एक डोळा ठेवून. तेवढ्या वेळात मला हे शिकायचं होतं, की आपण लिहिलेली गोष्ट खरोखर चालते कशी. ही काही फार मोठी मागणी नव्हती. त्याच शिक्षणाची फी भरलेली होती.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी आजऱ्याची. घरचा काजूचा धंदा, स्वभावानं शांत. शेवटच्या वर्षी वेब पेजेस शिकायला सुरुवात झाली, आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही एक पान तयार केलं. निळ्या पार्श्वभूमीवर कॉलेजचं नाव. पत्त्याच्या जागी आमची लॅब घेणाऱ्या सरांनी लिहायला लावलं 'लोकलहोस्ट', आणि पान उघडलं. तिला इतका आनंद झाला, की तिनं उभं राहून विचारलं, सर, हे आता आजऱ्याला दिसंल का? तिचा भाऊ तिथं सायबर कॅफेत जातो, त्याला पत्ता कळवते म्हणाली.

सर हसले. सर हसले म्हणून अख्खी लॅब हसली. मीही हसले, हे लिहून ठेवते. सर म्हणाले, आजऱ्याला दिसंल, आंबोलीला दिसंल, आणि पुढं समुद्रात पण दिसंल. ती खाली बसली आणि त्यानंतर परीक्षेपर्यंत तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

त्या प्रश्नात हसण्यासारखं काय होतं? लोकलहोस्ट म्हणजे हेच मशीन, दुसरं कुठलं नाही. दुसऱ्या गावी दिसायचं तर पान सतत चालू असलेल्या, नेटला जोडलेल्या मशीनवर ठेवावं लागतं. दोन वाक्यं. सांगायला एसटीचं तिकीट फाडण्याइतकाही वेळ लागला नसता. सरांना ती दोन वाक्यं येत नव्हती असं मला आता वाटतं. न येण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते स्वतः गणित शिकून आले होते, त्यांच्या हातात एक दिवस कॉम्प्युटर दिला आणि शिकव म्हणून सांगितलं. पण 'मला बघून सांगावं लागेल' एवढं म्हणायला माणसाचं काय जातं? त्याऐवजी एका मुलीची सगळ्यांसमोर मस्करी केली. आजही कुणी नवीन पोरगा किंवा पोरगी मला असा प्रश्न विचारते आणि बाजूचा कुणी फिसकन हसतो, तेव्हा मी आधी त्या हसणाऱ्याला उत्तर द्यायला लावते. बहुतेकदा त्याला येत नसतं.

आता अकराव्या प्रोग्रॅमचं सांगते. जर्नलात तो अकरावा होता. खिडकीत विद्यार्थ्याचं नाव, रोल नंबर आणि गाव लिहायचं, सेव्ह दाबलं की ते फाइलमध्ये जायचं, आणि खिडकी बंद करून पुन्हा उघडली तरी दिसायला हवं. आधीचे सगळे प्रोग्रॅम बेरजा करायचे आणि बंद केले की सगळं विसरायचे. हा पहिलाच होता जो काहीतरी लक्षात ठेवणार होता. मला तो चालवायचाच होता.

मी जर्नलातून अक्षरन् अक्षर टाइप केला. चालवला, तर चूक. दिलेल्या वाटेवर फाइल सापडत नाही, असा इंग्रजी निरोप. ती वाट मी नीट वाचली. डी ड्राइव्ह, त्यात एका आडनावाचं फोल्डर, त्यात फाइल. आमच्या लॅबमधल्या एकाही मशीनला डी ड्राइव्ह नव्हता. आणि आडनाव त्याचंच, ज्याचं नाव आम्ही सगळे खिडकीत काढत होतो. त्यानं कधीतरी आपल्या घरच्या मशीनवर प्रोग्रॅम केला होता, आणि त्याच्यानंतरच्या सगळ्या बॅचेस त्याच्या घरातलं फोल्डर वहीत उतरवत आल्या होत्या. एवढ्या वर्षांत हा प्रोग्रॅम आमच्या लॅबमध्ये कुणाचाच चाललेला नव्हता. चालणं शक्यच नव्हतं. आउटपुट मात्र प्रत्येक वहीत होतं.

मी सरांना विचारलं, की सर, हा डी ड्राइव्ह आपल्याकडे कुठं आहे?

"तुला हितं ड्राइव्ह मोजायला बसवलंय व्हय?" सर म्हणाले. "एरर येतंय तर येऊ दे. जर्नल लिही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग मी सरांना विचारायचं सोडलं. पुढच्या लॅबला फाइल स्वतः तयार करून सी ड्राइव्हवर ठेवली, ती ओळ बदलली, आणि प्रोग्रॅम चालला. मी माझं नाव घातलं, खिडकी बंद केली, उघडली, तर नाव तिथंच. मी चार वेळा बंद करून उघडली. आजऱ्याची म्हणाली, बास की आता, माझी पाळी.

फ्लॉपीवर घेऊन शेजारच्या मशीनवर नेला, तर तिथं पुन्हा तीच चूक. ह्या मशीनवर चालतं आणि त्या मशीनवर का चालत नाही, हा प्रश्न घेऊन मी तीन आठवडे एसटीतून ये-जा केली. लायब्ररीत एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, घरी न देण्याचं. जेवणाची सुट्टी तिथं घालवून अखेर त्यात ती एक ओळ सापडली. फाइलची वाट पक्की लिहून टाकायचीच नाही; प्रोग्रॅमला सांगायचं, की तू स्वतः जिथं ठेवलेला आहेस तिथंच शेजारी फाइल शोध. मी ते केलं. लॅबमधल्या चालणाऱ्या प्रत्येक मशीनवर फ्लॉपी घालून बघितली. सगळीकडे चालला.

जर्नलात मी तो प्रोग्रॅम लिहिला आणि समोर माझ्या नावाचं आउटपुट काढलं. सह्यांच्या दिवशी सरांनी पान उलटलं, दुसऱ्या एका वहीशी जुळवलं, आणि माझ्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारली. मी म्हणाले, सर, हा चालतो, मी आत्ता दाखवते. ते म्हणाले, तीस जणांचं एक आणि तुझं एक, बाहेरनं परीक्षक येणार, त्यांनी दोन वह्या शेजारी धरल्या तर मी काय सांगू? पुन्हा लिहून आण, नाहीतर सही नाही. सहीशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नसे, आणि प्रॅक्टिकल गेलं म्हणजे वर्ष गेलं.

मी लिहून आणला. ते पान फाडलं, नवीन चिकटवलं. डी ड्राइव्ह लिहिला, ते आडनाव लिहिलं, पट्टी लावून खिडकी काढली आणि तिच्यात कधी न पाहिलेल्या मुलाचं नाव, त्याचा रोल नंबर, त्याचं गाव भरलं. माझं अक्षर चांगलं आहे. सरांनी पहिल्या पानावरच्या छापील मजकुराखाली सही केली. त्या मजकुरात म्हटलं होतं, की हे सर्व प्रयोग विद्यार्थ्यानं प्रयोगशाळेत स्वतः केलेले आहेत.

परीक्षेला सांगलीकडचे एक वयस्क परीक्षक आले. टेबलावर चिठ्ठ्या उलट्या मांडल्या होत्या. मी उचलली ती अकराव्या प्रोग्रॅमची. जर्नलातला टाइप केला असता तर चूकच येणार होती, म्हणून माझा टाइप केला, पाठच होता. परीक्षक आले, खुर्ची ओढून बसले. नाव घातलं, बंद केला, उघडला. मग त्यांनी स्वतः माउस हातात घेतला, सगळं उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकलं आणि तिथून चालवलं. चालला. ते माझ्याकडे वळून चक्क हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा प्रोग्रॅम बघत होतं, आणि मला वाटलं, आता ते विचारतील की ही ओळ कशी सुचली. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

त्यांनी जर्नल उघडलं. अकराव्या प्रोग्रॅमचं पान काढलं. पडद्याकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं.

"इथं तर डी ड्राइव्ह लिहिलाय. तो ह्या लॅबमध्ये दिसत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी समोरच्या पानावरच्या पेन्सिलीच्या खिडकीवर बोट ठेवलं. "मग हे आउटपुट तुम्ही कुठं पाहिलंत?"

सर माझ्या खुर्चीमागं गुणपत्रिका घेऊन उभे होते. आजऱ्याची पलीकडच्या मशीनवर बसली होती, तिच्याही वहीत तेच पान होतं. तिच्यासाठी, तीस जणांसाठी मी खरं सांगितलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. मला माझ्या वर्षाची भीती वाटली, बाकी काही नाही.

"मामेभावाच्या मशीनवर, सर," मी म्हणाले. "त्याच्याकडे डी ड्राइव्ह आहे. त्याच्याच आडनावाचं फोल्डर आहे ते."

मला मामा नाही. परीक्षकांनी समाधानानं मान हलवली आणि वही मिटली. सरांकडे बघून म्हणाले, "तरीच. घरात कॉम्प्युटर असला की फरक पडतोच. बाकीच्या पोरांना हे जमायचं नाही." आणि त्यांनी मला पैकीच्या पैकी गुण दिले.

बाहेर पॅसेजमध्ये सरांनी मला गाठलं. "हुशार हायस की," ते म्हणाले. "मला वाटलं, आता बोलून बसतीस." तीन वर्षांत त्यांनी माझं केलेलं ते एकच कौतुक. माझा प्रोग्रॅम त्यांनी तेव्हाही चालवून बघितलेला नव्हता.

सरांवरचा राग मी आजवर पुष्कळांना ऐकवला आहे. सांगितलं नाही ते एवढंच, की त्या दिवशी मी त्यांना वाकून 'थँक्यू सर' म्हणाले, आणि ते म्हणताना मला बरं वाटलं होतं.