भावाच्या पायासाठी माती

दारोदार माती मागत फिरणारा सिंधुदुर्गात बहुधा मी एकटाच. काखेत पिशवी, हातात चमचा, चेहऱ्यावर दशावतारातल्या राजाचा रुबाब. लोक आधी हसत, मग कारण ऐकून पुडी बांधून देत.

कारण माझा थोरला भाऊ. वालावलला असतो. मधुमेहाने त्याच्या पायाची जखम चिघळली होती आणि तिच्यातल्या जंतूंना एकही औषध जुमानत नव्हतं. पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणत होते. मी मालवणात कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. जंतूंना फस्त करणारे विषाणू मातीत असतात, त्यांना फाज म्हणतात. या जंतूंचा फाज सापडला तर तो जखमेवर वापरून बघू, असं शहरातल्या एका डॉक्टरांनी कबूल केलं होतं.

जखमेतले जंतू मी काचेच्या बशीत वाढवायचो आणि त्यांवर मातीचं गाळलेलं पाणी टाकायचो. फाज असला तर बशीत धरलेल्या जंतूंच्या सायीला दुसऱ्या दिवशी भोकं पडतात. माझी साय रोज अखंड! अशी दुधावर धरली असती तर वहिनी खूश झाली असती.

फाज घाणीत रमतो, म्हणून मी सगळ्यांकडे गोठ्यामागची, मोरीजवळची माती मागितली. आली ती तुळशीतली, चाळून, उन्हात खडखडीत वाळवून. त्या उन्हात फाज कसला टिकतो! सगळ्यात देखणी पुडी वहिनीची.

"वहिनी, मी घाण मागितली होती."

"आमच्या घरातली घाण कॉलेजात धाडू? लोक काय म्हणतले, भावजी?"

शेवटी मीच गोठ्यामागे गुडघाभर चिखलात उतरलो. भाऊ खाटेवरून ओरडला, "मेल्या, लोकांका सोना गावता, तुका एक किडो गावक नाय!"

नाहीच गावला. पाय गेला. तो आम्ही इस्पितळातून मागून आणला आणि माडाखाली पुरला.

काही आठवड्यांनी दुसऱ्या पायाचा अंगठा काळवंडला. जंतू तेच निघाले. भावाने माडाकडे बोट दाखवलं.

"थंयची माती बघ. थंय तुझो किडो नसलो तर खंय आसतलो?"

जिथे जंतू, तिथेच त्यांचा फाज; शास्त्र म्हणून सल्ला उत्तम होता. मी हसत खणायला गेलो. फार खोल जाववेना.

दुसऱ्या दिवशी बशी उजेडात धरली. साय अखंड. भावाला फोन लावला.

"गावलो?"

"नाही रे."

"बरा झाला. त्या पायाक आता झोपान दी." मग म्हणाला, "ह्या दुसऱ्याचा बघ."

फोन ठेवून पुढची पुडी सोडली. वहिनीने सकाळच्या एसटीने धाडलेली. तुळशीतली, चाळलेली, खडखडीत वाळलेली. तरीही मी ती पाण्यात कालवली.