ओले आहे, हात लावू नये

फर्निचरच्या कारखान्यात सव्वीस वर्षे लाकूड चकाकवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे पॉलिशमास्तर म्हणत. या सव्वीस वर्षांत त्यांच्या छातीत किती स्पिरिट गेले याची चौकशी कोणी केली नाही. चेहऱ्यावर सात फोड उठले तेव्हा मात्र चौकशीला उधाण आले. तोंडावर फोड असलेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता समजली जाते. पहारेकऱ्याने पोट साफ नसल्याचे निदान केले, सुताराने लिंबू चोळायला सांगितले, आणि कार्यालयातल्या बाईंनी ‘या वयात?’ एवढे दोनच शब्द उच्चारले, ते लिंबापेक्षा जास्त झोंबले.

एरवी मास्तरांनी हेही गिळले असते. पण मालकांनी जाहीर केले होते की रस्त्यालगतच्या नव्या दालनात गिऱ्हाइकांशी बोलायला कारखान्यातलाच माणूस बसवायचा, आणि निवड महिन्याभराने. दालनाला खिडक्या होत्या, पंखा होता, खुर्ची होती आणि वास नव्हता. मास्तरांना ती खुर्ची हवी होती. इतकी, की मालकांची पाठ वळेपर्यंत ते खोकला दाबून धरत. दुसरा उमेदवार एकच, मालकांचा मेहुणा. त्याला सागवान आणि प्लायवूड यांतला फरक चिठ्ठी वाचूनच कळे, पण त्याचे गाल मात्र नुकत्याच धुतलेल्या बशीसारखे होते.

खडबडीत पृष्ठभाग गुळगुळीत करणे हा तर मास्तरांचा धंदाच. त्यांनी न्हाणीघराचे दार लावून घेतले आणि स्वतःच्या थोबाडाला कपाटाचे दार समजून कामास आरंभ केला. आधी खरखरीत टॉवेलने घासले. उंचवटे होते ते नखांनी दाबून सपाट केले. मग कापसावर स्पिरिट घेऊन दोन हात मारले, आणि खड्डे राहिले त्यांत लाकडाच्या भेगांत लांबीचा लगदा भरावा तशी बायकोच्या डब्यातली पावडर भरली. क्रम शास्त्रशुद्ध होता. चारच दिवसांत सातांचे अकरा झाले आणि कातडीला महोगनीची तांबूस झाक आली. अशी झाक लाकडावर आणायला त्यांना आठवडा लागे.

बायकोने नणंदेला बोलावून घेतले. मास्तरांची थोरली बहीण शाळेतली निवृत्त परिचारिका. तिने आयुष्यभर पौगंडावस्थेतली तोंडे पाहिली होती. तिने भावाची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि विचारले, “काय लावलंस?”

मास्तरांनी सगळे सांगितले, पॉलिशच्या क्रमाने.

“लाकूड मेलेलं असतं रे,” ताई म्हणाली. “हे जिवंत आहे. तू घासलंस की ते चिडतं. फोड दाबलास की आतली घाण आणखी खोल जाते आणि डाग मागे राहतो.”

मग तिने जे सांगितले त्यात लिंबू नव्हते, टूथपेस्ट नव्हती, शेजारणीच्या घरातली उरलेली ट्यूबही नव्हती. चेहरा दिवसातून दोनदा, कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवायचा आणि मऊ कापडाने टिपायचा. कामावरून आल्यावर धूळ आणि घाम अंगावर ठेवायचा नाही. केसांचे तेल कपाळावर उतरू द्यायचे नाही. औषधाच्या दुकानातून बेन्झॉइल परॉक्साइडचे सर्वांत सौम्य मलम आणून संध्याकाळी पातळ लावायचे. फार आग झाली तर एक दिवस सोडायचा. ते मलम टॉवेलचा रंग घालवते, तेव्हा टॉवेल पांढरा. खोल, दुखरी गाठ आली किंवा दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर सरळ त्वचेचा डॉक्टर.

“आणि गुण कधी?” मास्तरांनी विचारले.

“सहा-आठ आठवडे.”

“निवड तीन आठवड्यांवर आहे, ताई.”

“मग घास अजून,” ताई म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली. तिथे वाळत घातलेल्या टेबलांवर मास्तरांच्याच वळणदार अक्षरातल्या पाट्या ठेवलेल्या असत: ‘ओले आहे. हात लावू नये.’ त्यांतली एक तिने पिशवीत घातली आणि भावाच्या आरशावर टांगली. दाढी करताना मास्तरांना स्वतःचे तोंड त्या पाटीच्या खाली दिसू लागले. बोटे गालाकडे निघत आणि पाटी वाचून परत येत. सव्वीस वर्षे ज्या पाटीला गिऱ्हाइकांनी भीक घातली नाही, तिचा मान राखणारा पहिला माणूस तिचा लेखकच निघाला.

निवडीच्या दिवशी अकरांपैकी पाच फोड शिल्लक होते. मास्तरांनी पावडर लावली नाही. मालकांनी दोघांना दालनात उभे केले आणि एका खऱ्या गिऱ्हाईक बाईंना बोलू दिले. बाईंना जेवणाचे टेबल परवा घरी हवे होते. मेहुण्याने गाल चमकवत परवाचा शब्द दिला. मास्तर म्हणाले की बारा दिवस लागतील.

“एवढं काय हो त्यात?” बाई म्हणाल्या. “दोन हात मारायचे आणि पाठवायचं.”

मास्तरांनी खिडकीच्या उजेडात मान फिरवली. “बाई, हे तोंड बघा. मला हे चार दिवसांत गुळगुळीत पाहिजे होतं. आता दोन महिने लागणार आहेत.”

बाईंनी पाहिले, बराच वेळ पाहिले. मग त्यांनी बारा दिवस मान्य केले आणि जाता जाता तोंडाला काय लावता ते विचारले, मुलीसाठी. मालकांनी खुर्चीकडे बोट दाखवले. मेहुण्याने दुखावल्यासारखे पाहिले. गालांखेरीज त्याच्याकडे देण्यासारखे काही नव्हते.

खुर्चीवर बसल्यावर मास्तरांच्या ध्यानात आले की दालनात विकायला ठेवलेली आरशांची सहा कपाटे नेमकी त्यांच्याकडे तोंड करून आहेत. दुपारपर्यंत हात चार वेळा हनुवटीपर्यंत गेला. शेवटी त्यांनी घरून पाटी आणवून समोर लावली. त्या दिवशी आलेल्या एकाही गिऱ्हाइकाने कशालाच हात लावला नाही.

संध्याकाळी मालकांनी पाटी काढायला सांगितले.

“पाच आठवड्यांनी काढतो,” मास्तर म्हणाले आणि मोकळेपणाने खोकले.