गोल न खाणारं कॉलेज

कॉलेजच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढली की माणसाजवळ दोनच गोष्टी साठतात, रिफिल संपलेली पेनं आणि किस्से. पेनं मी रिटायर होताना टाकून दिली. किस्से रद्दीवाला घेत नाही, म्हणून तुम्हाला ऐकवतोय.

हे सगळे आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे. टीमबरोबर मॅनेजर म्हणून कॉलेजचा एक माणूस लागतो. प्राध्यापकांना वेळ नव्हता, शिपाई चालत नव्हता, त्यामुळे मधला मी गेलो. फुटबॉलमधलं मला तेव्हा एवढंच कळायचं की बॉल आपल्या जाळ्यात गेला की वाईट. पहिल्या वर्षी तो इतक्या वेळा गेला की शेवटी संस्थेच्या अध्यक्षांनाही कळलं. त्यांनी सांगून टाकलं, पुढच्या वर्षी पहिली फेरी पार करा, नाहीतर टीम बंद आणि ग्राउंड लग्नाच्या लॉनसाठी भाड्याने.

मग प्राचार्यांनी चौबळ सरांना कोच म्हणून आणलं, एका वर्षाच्या करारावर. सर पूर्वी एका कंपनीच्या टीममध्ये डिफेन्सला खेळायचे. कंपनी बंद पडली, डिफेन्स शिल्लक राहिला.

*

निवडीच्या दिवशी साठेक मुलं आली आणि सगळीच्या सगळी स्ट्रायकर. डिफेन्सला कोण खेळणार, असं विचारल्यावर सगळे वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागले.

मधल्या सुट्टीत सर मला घेऊन कॅन्टीनमध्ये बसले. समोशांचा घाणा आला तशी काउंटरवर झुंबड उडाली. त्यात एक आडवा पोरगा होता, ठाकुर्लीचा जयेश म्हात्रे. दोन्ही कोपरं बाहेर काढून असा उभा राहिलेला की त्याचे समोसे घेऊन होईपर्यंत मागून एक माणूस पुढे सरकला नाही. सरांनी त्याला बोलावलं.

"फुटबॉल खेळलायस कधी?"

"नाय सर."

"हरकत नाही, ते शिकवता येतं. कोपर जन्मजात लागतं."

आठवड्याभरात त्याच काउंटरवरून आणखी तिघे उचलले. कॅन्टीनवाला मला म्हणाला, आता कुठे बाकीची पोरं खायला लागली.

*

सरांचा एकच मंत्र होता, चौघांनी मिळून हलायचं. त्यासाठी त्यांनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली आणि चौघांना कमरेला बांधून ग्राउंडवर इकडून तिकडे पळवलं. महिनाभर हेच. एक पडला की चौघे पडायचे. मग दोरी काढली.

त्यानंतर एक दिवस हे चौघे माझ्या खिडकीसमोर. काम एकाचंच होतं, रेल्वे कन्सेशनचा फॉर्म. मी त्याला म्हटलं, पुढे ये आणि सही कर. चौघे पुढे आले. म्हटलं, बाकीचे मागे व्हा. चौघे मागे गेले. पुन्हा बोलावलं, पुन्हा चौघे. मागची रांग मला शिव्या घालायला लागली. शेवटी मीच ऑफिसाबाहेर जाऊन सही घेतली.

जयेश म्हणाला, "काका, रागावू नका. एकटा पुढं आला की सर सगळ्यांना पळवतात."

*

ऋतुराज नावाचा आमचा एक स्ट्रायकर होता. केस उत्तम होते. प्रॅक्टिसमध्ये एकदा त्याने या चौघांना चकवून गोल मारला आणि शर्ट काढून धावत सुटला. सरांनी त्याला बोलावून शांतपणे विचारलं, की घरच्याच माणसांना फसवताना लाज कशी वाटली नाही. वर दहा राउंड.

बिचारा रडवेला होऊन म्हणाला, "सर, मग मॅचमध्ये मी नक्की करायचं काय?"

"तू त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहा. आपल्या इथली गर्दी कमी होते."

*

दिवाळीनंतर जयेशचे वडील पांढरी मोठी गाडी घेऊन आले. माणूस ऐसपैस, गळ्यात साखळी. आजोबांची भातशेती होती तिथे आता यांच्या तीन बिल्डिंगा. मला वाटलं, देणगी द्यायला आलेत. म्हणून चहा सांगितला.

ते सरांना म्हणाले, "सर, काय शिकवलंत याला? पोरगा घरान पावन्यांना पन येऊ देत नाय. बहिणीला बघायला आलेली मानसं अर्धा तास दारात उभी."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"कुठल्या बाजूने आले होते?"

*

मग स्पर्धा आली. पहिली फेरी म्हणजे तीन मॅचेस, माजिवड्याच्या पुढच्या एका ग्राउंडवर. गटात चार टीम, वरच्या दोन पुढे जाणार.

आमच्या डिफेन्समधून मुंगी गेली नाही. दुसऱ्या मॅचला मी गोलच्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो. गोलकीपर गायकवाड मागे वळला आणि त्याने आपल्या फेरतपासणीच्या फॉर्मचं काय झालं, ते सविस्तर विचारून घेतलं. मॅच चालू होती.

तिन्ही मॅचेस शून्य-शून्य. एकही गोल खाल्ला नाही, एकही केला नाही. तीन पॉइंट, गटात तिसरे, बाहेर.

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन. त्यांनी विचारलं, आपण हरलो का? मी म्हटलं, नाही सर, एकही मॅच नाही. मग जिंकलो? म्हटलं, तेही नाही.

"मग मी अध्यक्षांना काय सांगू?"

त्यांनी काय सांगितलं माहीत नाही. अध्यक्षांना मात्र बरोबर समजलं.

*

पुढच्याच आठवड्यात सकाळी सकाळी प्राचार्य लॉनच्या कॉन्ट्रॅक्टरला घेऊन ग्राउंडवर आले. बरोबर एक मिस्त्री, हातात लांब टेप. स्टेज कुठे, जेवणाचे काउंटर कुठे, हे मोजायचं होतं. कागद धरायला मी. प्रॅक्टिस चालू होती, ती कोणी थांबवली नाही.

मिस्त्रीने गोलपोस्टजवळ चुन्याच्या फक्कीने खूण केली, टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि मागे मागे जायला लागला. दहा पावलं गेला असेल. तेवढ्यात जयेश आणि ते तिघे आले आणि त्याच्या नि माझ्या मधोमध उभे राहिले. फ्री किकच्या वेळी गोलसमोर भिंत करतात तसे, खांद्याला खांदा, हात पुढे बांधून. मिस्त्री डावीकडे सरकला, चौघे डावीकडे. उजवीकडे सरकला, चौघे उजवीकडे. टेप त्यांच्या पोटांना अडून लोंबकळत राहिली.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ये क्या चल रहा है?"

प्राचार्य घाम पुसत चौबळ सरांकडे गेले. आवाज खाली आणला, पण मला ऐकू आलं.

"चौबळ, आपल्या संस्थेच्या शाळेत पी.टी.ची एक जागा आहे. तुमचं नाव घालून कागद तयार केलाय, फक्त माझी सही बाकी आहे. मुलांना बाजूला करा."

सरांच्या घरी दोन मुली शिकत होत्या, हे मला त्यांच्या फाइलीवरून माहीत होतं. मग ते चालत माझ्याजवळ आले. गोलपोस्टला पाठ लावली, गुडघ्यात वाकले, एक डोळा मिटला आणि भिंत लावून घेताना गोलकीपर बघतो तसे त्या चौघांच्या पाठींकडे बघत राहिले. शिट्टी तोंडात घातली आणि एकदा वाजवली. चौघांनी माना वळवून पाहिलं.

"जयेश, अर्धं पाऊल डावीकडे. मला अजून मिस्त्री दिसतोय."