आठाने भागलेली दुपार

"मेल्या, ह्यां थांबलां कित्याक?"

मामा असा ओरडला की लालबागच्या त्या गिरणीच्या आवारातली झाडून सगळी कबुतरं उडाली ती थेट शिवडीला जाऊन बसली.

थांबलं काहीच नव्हतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची निळी पट्टी सरकत होती. पण मुंगळ्याने गुळाची ढेप ओढावी तशी. आणि दारात रे रोडचा भंगारवाला कमरेवर हात ठेवून उभा. खाली त्याचा टेम्पो.

संपाआधी मामा याच गिरणीत साड्यांचे काठ कागदावर काढायचा. संप झाला, गिरणी पुन्हा उठलीच नाही. पुढे आवारात एक छपाईचा स्टुडिओ निघाला, तिथे मामा तेच काठ कॉम्प्युटरवर काढू लागला. आता स्टुडिओचंही दिवाळं वाजलं होतं. मालकाने सगळी यंत्रं भंगारात विकली आणि मामाला एवढीच मुभा दिली: टेम्पो निघेपर्यंत तुझी चित्रं काढून घे, यंत्राचा स्क्रूसुद्धा हलवायचा नाही. उद्या सुरतेचा साडीवाला सगळे काठ बघून मामाला कामावर घेणार की नाही ते ठरवणार होता. नाही म्हणाला असता तर त्या वयात मामाला दुसरं कोण विचारणार?

मी माझा कॉम्प्युटर शेजारी आणून ठेवला आणि नेटवर्कची तार आणायला दादरला गेलो. तेवढ्यात मामाने हिशोब करून टाकला. जुन्या यंत्रातली डिस्क स्कझी जातीची, पट्ट्यासारख्या रुंद केबलची. तिच्यावर वेग लिहिलेला चाळीस. नेटवर्कच्या खोक्यावर लिहिलेले शंभर. गिरणीतला माणूस मागाचा वेग कधी पुरता धरत नाही. धागा तुटतो, सुताचा बीम बदलावा लागतो, म्हणून पाचवा हिस्सा आधीच कापतो. मामाने शंभरातले वीस कापले, उरले ऐंशी. म्हणजे डिस्क धापा टाकणार, तार आरामात बसून राहणार! त्याने भंगारवाल्याला छातीठोक सांगून टाकलं, "तू चाय पिऊन ये, तवसर झालां."

भंगारवाला चहा पिऊन आला होता.

"मामा," मी म्हटलं, "डिस्कचे चाळीस ते बाइट. तारेचे शंभर ते बिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. शंभराला आधी आठाने भाग."

मामाचे ओठ हलले. "साडेबारा?"

"साडेबारा."

आज माझ्या घरात हजाराची तार आहे, तरी कोणी वेगाच्या बाता मारल्या की मी आधी आठाने भागतो आणि सव्वाशेवर आणून ठेवतो. ती सवय त्या दुपारची. मामाने सवयीने साडेबारातूनही पाचवा हिस्सा कापला. "दहा," तो पुटपुटला. पडद्यावरही सेकंदाला दहाच मेगाबाइट सरकत होते. डिस्कमध्ये छत्तीस गिगाबाइट ठासून भरलेले. तासाभराचं काम.

"तास?" भंगारवाला पुढे आला. "ओ भाऊ, खाली टोइंगवाला फिरतोय. मी घेतो उचलून." त्याने वाकून प्लगला हात घातला. मामा मध्ये जाऊन उभा राहिला.

आता आपल्याकडे एकच माल होता: तोंड.

"शेठ, तुम्ही रे रोडचे ना?" मी स्टूल पुढे सरकवलं. "मग तुम्हाला ठाऊकच असणार, या गिरणीची चिमणी तुमच्याकडे कशी आली ते."

"चिमणी?"

"बसा तर! संपातली गोष्ट. गेटवर सभा. माझ्या आजोबांनी अशी घोषणा दिली, अशी दिली, की चिमणीला पहिल्यांदा उचकी लागली..."

तो बसला. मी चिमणीला कलती केली, तिच्या टोकावर एक पोलीस चढवला, खाली आजीला कालवणाच्या टोपासकट उभी केली. चिमणी पडली ती भायखळ्यावरून घरंगळत रे रोडच्या लाकडाच्या वखारीत शिरली, तेव्हा पट्टी कुठे अर्ध्यावर आली होती. मग चिमणीतून धूर काढला, धुरातून मॅनेजर काढला, मॅनेजरला धोतर नेसवलं. घसा कोरडा पडला. मामा पडद्याला पाठ करून उभा होता. बघायची हिंमत नव्हती. भंगारवाला हसला नाही की उठलाही नाही. मधेच एकदा म्हणाला, "मग? पोलिसाचं काय झालं?" मी पोलिसाचं लग्न लावून दिलं.

पट्टी भरली. मामाने वळून काठांचा शेवटचा फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिला आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

"अशी ती चिमणी गेली बघा, शेठ," मी म्हटलं.

भंगारवाला उठला, पँट झटकली.

"खिडकीतून दिसते की," तो म्हणाला. "झालं ना तुमचं? मग काढा प्लग."