चौथं शील म्हणताना

डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बाकड्यावर बसवून ठेवलं आणि मला नि प्रशांतला, माझ्या मुलाला, आत बोलावलं. उल्हासनगरला कॅम्प चारमधलं हॉस्पिटल. म्हणाले, "पॅन्क्रिआजचा, म्हणजे स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. मेटास्टॅसिस आहे." म्हणजे लिव्हरपर्यंत पसरलाय. आणि मी बाई इतके दिवस पोटदुखीला ओवा भाजून देत होते!

बाहेर येईपर्यंत प्रशांतने ठरवून टाकलं, पप्पांना सांगायचं नाही. सूज आहे, गोळ्यांनी उतरेल, एवढंच. मीही मान डोलावली.

अंबरनाथला आमच्या घरी रोज संध्याकाळी वंदना होते. हे पुढे म्हणायचे, आम्ही मागून. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे आलं की माझी जीभ अडायची. बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची, खोटं बोलणार नाही म्हणायचं, आणि उठून ह्याच माणसाला सांगायचं, आज चेहरा बरा दिसतोय हं. कसली डोंबलाची वंदना! प्रशांत म्हणायचा, आई, हे त्यांच्या भल्यासाठी आहे. शीलात तशी सवलत कुठे आहे, मी विचारलं.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता पॅलिएटिव्ह केअर. म्हणजे आजार बरा होणार नाही, दुखणं तेवढं कमी करायचं. मॉर्फिन सुरू झालं की गुंगी राहील. "काही बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घ्या."

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. प्रशांत भडकला, मारलंस तू त्यांना, म्हणाला.

वस्तीत कोणी गेलं की हे पुढे असायचे. जलदान विधीला उभं राहून सांगायचे, सगळं अनित्य आहे, रडू नका. मला वाटलं, हा माणूस सोसेल. त्यांनी माझा पदर धरला. "मला मरायचं नाही गं."

दोन दिवस नुसते रडत होते. वंदना नाही, जेवण नाही. मी स्वतःला शिव्या घातल्या.

मग म्हणाले, जाधववहिनींना बोलाव. मागच्या गल्लीतल्या. त्यांचा तरणा मुलगा गेला तेव्हा ह्यांनीच त्यांना गप्प केलं होतं. वहिनी आल्या. ह्यांनी पडल्या पडल्या हात जोडले. "तुम्हाला रडू दिलं नाही मी. मला काय कळत होतं तेव्हा?"

वहिनी पलंगाशी बसल्या आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा रडल्या. हेही रडले. मी चहा ठेवला, तो कोणी प्यायला नाही.

तुमच्या घरी असं दुखणं आलं तर सांगायचं की नाही, ते मी कोण सांगणार? माझ्यामुळे ते दोन दिवस किती तळमळले, ते मला अजून दिसतं. पण नंतर आमच्या घरात कोणी खोटं बोललं नाही, आणि मी पुन्हा धडपणे वंदना म्हणू लागले.

पावसाळा संपता संपता हे गेले. लोक जमायच्या आधी जाधववहिनी आल्या. मी कोरड्या डोळ्यांनी चादर सारखी करत होते. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"रड बाई," म्हणाल्या.